यंत्राला शिकविणारे हात

यंत्रमानव म्हटला की कामगाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो किती जणांना घरी बसावे लागेल, हा. प्रश्न रास्तच आहे. परंतु त्याच्या आधीचा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. या यंत्राला काम शिकवितो कोण, आणि शिकविलेले ज्ञान अखेर कोणाच्या मालकीचे होते?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत याची दोन उत्तरे समोर होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने त्या काळात एक पद्धत सिद्ध केली. कुशल कारागीर पहिला नग स्वतः कापी. त्याच्या हाताखाली मशीनने केलेल्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जात. पुढचे नग मशीन त्या फितीवरून कापी. दुसरी पद्धत मिशिगनमधील जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून निघाली. नगाचे वळण आकड्यांत मांडावे आणि ते आकडेच मशीनला पुरवावेत. तिला १९४९ मध्ये हवाई दलाचा पैसा मिळाला, आणि १९५२ मध्ये एम.आय.टी.ने अशा मिलिंग मशीनचे प्रात्यक्षिक दाखविले. येथे कार्यक्रम लिहिला जातो तो मशीनपाशी नव्हे, कचेरीत.

दुसरी पद्धत जिंकली. कामाची सूत्रे कारागिराच्या हातून काढून घेण्याची व्यवस्थापनाची इच्छाही या निवडीमागे होती, असे इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात मांडले. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारावे असे नाही. विमानाच्या भागांची गुंतागुंतीची वळणे हाताने कापून नोंदविणे फार अवघड होते. पण साध्या नगांसाठीही पहिली पद्धत अडगळीत का पडली, हे एवढ्याने उलगडत नाही.

आणि गंमत अशी की, टाकून दिलेली ही पद्धत यंत्रमानवाच्या रूपाने परतली. १९६१ मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसविलेला युनिमेट प्रत्यक्ष हलवून दाखविलेल्या हालचालीच लक्षात ठेवी. नॉर्वेच्या ट्राल्फा यंत्रमानवाचा हात तर रंगारीच धरून फिरवीत असे.

धातू कापण्याच्या कामात हा मुद्दा अधिक टोकदार होतो. सहा सांध्यांचा लांब बाहू मिलिंग मशीनइतका ताठ नसतो. पोलाद कापताना तो लवतो, थरथरतो, आणि नगावर लाटा उमटतात. म्हणून त्याच्याकडे बहुधा बर काढणे, घासणे, चकाकी देणे, ॲल्युमिनियम किंवा लाकूड कापणे अशी कामे येतात. मार्ग संगणकावर आखला जातो. परंतु ओतीव नग दर वेळी किंचित निराळा निघतो. मग मशीनपाशी उभा असलेला फिटर आवाज ऐकतो, कडेवरून बोट फिरवितो, वेग कमी करतो, हत्यार केसभर मागे घेतो. हे सारे कार्यक्रमात साठविले जाते. कार्यक्रम कंपनीचा, फिटरच्या पगारपत्रकात त्या दुरुस्तीचा उल्लेखही नसतो. पुढे तोच कार्यक्रम दुसऱ्या कारखान्यात कंत्राटी मुलाच्या हाती देता येतो.

नॉर्वेत १९७५ मध्ये कामगार महासंघ व मालकसंघ यांच्यात करार झाला. संगणकीय पद्धती आणण्यापूर्वी माहिती मिळविण्याचा आणि त्यासाठी स्वतःचे प्रतिनिधी निवडण्याचा हक्क कामगारांना त्याने दिला. चाकण-पिंपरीच्या युनियननी आपापला वेतनकरार उघडून असे कलम त्यात आहे काय ते पाहावे. नसेल, तर पुढच्या मागणीपत्रात ते बोनसच्या कलमाच्या वर लिहावे.