पाठीखालची थंडी

हिवाळ्यात सगळं सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन डोंगरात मुक्कामाला जायचं ठरलं, की सॅकमध्ये सर्वांत जास्त जागा अडवणारी आणि खिशालाही मोठी चाट लावणारी वस्तू म्हणजे रात्रीचं पांघरूण. आपल्याकडे त्याचं उत्तर ठरलेलं असतं: स्लीपिंग बॅग. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या पायवाटांवर चालणाऱ्यांनी मात्र गेल्या तीसेक वर्षांत दुसरं उत्तर रुळवलं आहे. रे जार्डिन यांनी १९९०च्या दशकात, पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरच्या दीर्घ भटकंतीनंतर, चेन नसलेल्या आणि घरी शिवता येईल अशा पांघरुणाचा पुरस्कार केला. आज तिथले अनेक छोटे उत्पादक ते बनवतात आणि त्याला क्विल्ट म्हणतात. पायांकडे पिशवीसारखं बंद, वरून अंगावर घ्यायचं, पाठीखाली काहीच नाही. माझं म्हणणं असं, की बेताच्या पैशांत थंडीची सोय करायची असेल तर क्विल्ट घ्यावी, पण वाचलेले पैसे आधी पाठीखालच्या मॅटवर घालावेत. ही अट पाळली नाही, तर स्वस्तातली क्विल्ट हा फसलेला सौदा ठरतो.

याचं कारण उष्णतेच्या साध्या हिशेबात आहे. उबेचं काम करते ती पिसांत किंवा तंतूंत अडकून राहिलेली स्थिर हवा, आणि पांघरूण फुगलेलं असेल तोवरच ती तिथे टिकते. स्लीपिंग बॅगमध्ये झोपलं, की पाठीखालचा थर आपल्याच भाराने चेपून चपटा होतो. त्या भागातल्या पिसांचे पैसे आपण मोजलेले असतात, त्यांचं ओझं दिवसभर वाहिलेलं असतं, आणि रात्री त्यांचा उपयोग जेमतेम होतो. जमिनीपासून बचाव करते ती मॅट. तिची ताकद आर-अंकात मोजतात. २०१८ मध्ये एएसटीएम या मानक-संस्थेने त्यासाठी एफ ३३४० ही एकसारखी चाचणी ठरवून दिली, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॅटची तुलना आता करता येते. एक ढोबळ हिशेब मांडू. झोपलेलं प्रौढ शरीर ७० ते ७५ वॅट उष्णता निर्माण करतं. मॅटला टेकलेलं अंग ०.४ चौरस मीटर धरू. त्वचा ३२ अंश सेल्सिअस आणि जमीन शून्य अंश. आर-अंक २ असेल तर सुमारे ३६ वॅट जमिनीत जातात, म्हणजे शरीराच्या मिळकतीतला निम्मा वाटा. आर-अंक ५ असेल तर १५ वॅटच्या आत भागतं. कपड्यांची भर धरली तर दोन्ही आकडे खाली येतील, पण त्यांच्यातलं अंतर बुजणार नाही. वरच्या पांघरुणात कितीही पिसं कोंबली, तरी खाली जाणारी ही उष्णता अडत नाही. सह्याद्रीत रात्रीचा पारा गोठणबिंदूपर्यंत क्वचितच उतरतो, तरीही हरिश्चंद्रगडाच्या गुहेत पातळ मॅटवर झोपणाऱ्याला पहाटे हुडहुडी भरते, त्याचं एक मोठं कारण हेच आहे: गुहेच्या जमिनीतल्या बेसॉल्ट खडकाची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या साठ ते ऐंशी पट असते.

इथे कोणी विचारेल, की मॅटवर एवढा खर्च केला तर क्विल्ट स्वस्त कशी? प्रश्न रास्त आहे. पण चांगली मॅट स्लीपिंग बॅगवाल्यालाही लागतेच. बॅगेच्या चेपलेल्या पाठीवर विसंबून ती टाळता येत नाही. शिवाय मॅटची सोय थोडक्या खर्चात करता येते, कारण एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या आर-अंकांची बेरीज होते. घडीच्या फोम मॅटचा आर-अंक साधारण २ असतो. तिच्यावर आर-अंक ३ ची हवेची मॅट टाकली की ५ झाले. वरची मॅट फुटलीच, तर फोम रात्रभर साथ देतो, आणि थंडीत हा दिलासा छोटा नाही.

आता वरच्या पांघरुणाकडे येऊ. पिसांचा दर्जा फिल पॉवर या आकड्याने सांगतात: एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम पिसं किती घन इंच जागा व्यापतात. दुकानदार ८०० आणि ९०० या आकड्यांना फार महत्त्व देतात. बेताचं बजेट असलेल्याने या मोहात पडू नये. ८०० फिल पॉवरच्या ४५० ग्रॅम पिसांइतकाच फुगवटा ६०० फिल पॉवरची ६०० ग्रॅम पिसं देतात, आणि सारख्या फुगवट्याची ऊबही जवळपास सारखीच असते. दीडशे ग्रॅम ओझं वाढलं आणि पैसे वाचले. त्याहून स्वस्त पर्याय कृत्रिम तंतूंचा. क्लायमाशिल्ड एपेक्ससारखा अखंड तंतूंचा थर घरीही शिवता येतो. मात्र त्यावर गोधडीसारखे दाट टाके घालायचे नाहीत, कारण प्रत्येक टाक्याशी थर दबतो आणि तिथून थंडी शिरते. कडेने शिवण पुरते. चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅमचा जाड थर आणि हलकं नायलॉन वापरलं, तर मोठ्या माणसाची क्विल्ट ७०० ग्रॅमच्या आसपास बसते आणि गोठणबिंदूच्या आगेमागे चांगली चालते. हा थर ओला झाला तरी पिसांसारखा गोळा होत नाही. पुन्हापुन्हा दाबून भरल्याने तो काही वर्षांत बसतो, हे मात्र खरं.

क्विल्टवरचा सर्वांत जुना आक्षेप वाऱ्याचा: कूस बदलली की फट पडते आणि गार हवा आत येते. आक्षेप खरा आहे, आणि स्वस्त क्विल्टच्या बाबतीत जास्त खरा, कारण काटकसर करणारा उत्पादक आधी रुंदी कापतो. थंडीसाठी निदान १४० सेंटिमीटर रुंदी हवी. आडदांड बांध्याच्या किंवा रात्रभर कुशी बदलणाऱ्या माणसाला त्याहून जास्त. क्विल्ट मॅटला बांधून ठेवणारे पट्टे आणि गळ्याशी आवळायची दोरी असल्याशिवाय ती घेऊच नये. डोक्यासाठी माकडटोपी लागेल. ती तशीही आपल्या सॅकमध्ये असतेच. आणखी एक सावधगिरी आकड्यांची. स्लीपिंग बॅगसाठी युरोपात २००२ पासून ईएन १३५३७ आणि पुढे २०१६ पासून आयएसओ २३५३७ हे मानक आहे. बॅगेत तापवलेला पुतळा ठेवून आरामाचं आणि किमान सहनशीलतेचं तापमान वेगवेगळं सांगितलं जातं. क्विल्टवरचा आकडा बहुतेक वेळा उत्पादकाने स्वतःच ठरवलेला असतो. म्हणून शून्य अंश लिहिलेली क्विल्ट पाच-सहा अंशांपर्यंतच आरामाची समजावी, आणि थंडी सोसत नसेल तर ही मर्यादा त्याहूनही थोडी वर धरावी.

दमटपणाचा मुद्दा थोडा गंभीर आहे. झोपेत अंगातून बाहेर पडणारी वाफ कडक थंडीत पांघरुणाच्या बाहेरच्या थरात गोठते आणि रोज साठत जाते. १९११च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात केप क्रोझियरला गेलेल्या विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड या शोधप्रवाशांच्या रेनडियरच्या कातड्याच्या झोपण्याच्या पिशव्या परतेपर्यंत बर्फाने दुपटीहून जड झाल्या होत्या. आपल्याला इतकी थंडी भोगायची नाही, पण कारण तेच आहे. क्विल्ट पूर्ण उलगडून दुपारच्या उन्हात पसरता येते, त्यामुळे ती लवकर सुकते. पिसांच्या क्विल्टवर पातळ कृत्रिम क्विल्ट घेतली तर वाफ बाहेरच्या थरात गोठते आणि पिसं कोरडी राहतात. अशा दोन पातळ क्विल्ट असल्या, की सह्याद्रीतल्या डिसेंबरात एक पुरते आणि हिमालयातल्या वसंतात दोन्ही कामी येतात. एकच जाड स्लीपिंग बॅग घेणाऱ्याला ही सोय नाही.

मर्यादाही सांगितली पाहिजे. रात्री पारा उणे १० अंशांच्या खाली उतरणार असेल, उघड्यावर वारा असेल आणि असे मुक्काम सलग असतील, तर एका फटीची किंमत फार मोठी होते. तिथे डोकं-मान झाकणारी, अंगासरशी बसणारी स्लीपिंग बॅगच घ्यावी. वर्षातून एखाद्याच मोहिमेसाठी ती विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणावी, आणि तिच्याखाली स्वतःची चांगली मॅट घालावी.