घोडा-उंट धावून आले, तर?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात मुलांपुढे केलेले भाषण)



बुद्धिबळावर दहा मिनिटं बोला, असं कार्यकारिणीनं सांगितलं. विषय मी मुलांकडूनच घेतला. रविवारी पार्किंगमध्ये पट मांडला की मोठी मुलं लहानांना आठ-दहा चालींत गुंडाळतात. घोडा आणि उंट धावून येतात, राजा उघडा पडतो आणि हरलेलं पोरगं म्हणतं, "मले नाही जमत हे." पुढच्या रविवारी ते येतच नाही. एका हल्ल्यापायी खेळ सुटू नये, म्हणून आज त्याचं उत्तर पाहू.

आधी कमजोर जागा ओळखा. सुरुवातीला राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं एकट्या राजाच्या भरवशावर असतं. काळ्याकडे ते घर एफ-७. हल्ला होतो तो तिथंच.

पट समोर घ्या. दोघांनी राजापुढची प्यादी दोन-दोन घरं सरकवली. पांढऱ्याचा घोडा एफ-३ वर, काळ्याचा सी-६ वर. पांढऱ्याचा उंट सी-४ वर, काळ्याचा दुसरा घोडा एफ-६ वर. आता पांढरा घोडा जी-५ वर उडी मारतो. घोडा आणि उंट, दोघांची नजर एफ-७ वर!

घाबरू नका. वजिरापुढचं प्यादं डी-५ वर ढकला. उंटाची वाट बंद. पांढरा ते प्याद्यानं मारणार. खरी परीक्षा इथं आहे. हात शिवशिवतो, घोड्यानं लगेच परत मारावंसं वाटतं. मारलं, की पांढरा घोडा एफ-७ वर झेप घेतो, वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम. राजानं तो घोडा मारला, तर पांढरा वजीर एफ-३ वरून शह देतो आणि डी-५ वरचा घोडाही धोक्यात येतो. तो राखायला राजाला भर पटात यावं लागतं.

त्यापेक्षा सी-६ वरचा घोडा ए-५ वर न्या. आता पळायची पाळी उंटाची. तो बी-५ वरून शह देईल. सी-६ वर प्यादं घाला. पांढऱ्यानं ते मारलं, तर बी-७ च्या प्याद्यानं परत मारा. एक प्यादं कमी झालं खरं, पण उंटाला पुन्हा हलावं लागतं आणि आपले मोहरे भराभर बाहेर येतात. हा बचाव सोळाव्या शतकातल्या पोलेरिओ या इटालियन खेळाडूच्या नावानं ओळखतात. म्हणजे या हल्ल्यानं चारशे वर्षं लोकांना सतावलंय. तुम्ही एकटे नाही!

लहानग्यांसाठी सोपा उपायही आहे. तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट ई-७ वर ठेवा. लगेच जी-५ वर आलेला घोडा उंटाच्या तोंडी सापडतो. पुढच्या चालीला घोडा एफ-६ वर काढा आणि कॅसलिंग करा. मग एफ-७ वर हत्तीचाही पहारा.

आणि प्रत्येक चालीआधी दोन प्रश्न विचारा : समोरच्यानं ही चाल का केली? मी हे मारलं, तर तो पुढं काय करील?

आपल्याच विदर्भातली, नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमी इथं महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. वय १९. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. निकाल टायब्रेकमध्ये लागला. आधी तग धरावा लागतो, मग जिंकता येतं.

पालकांना एक विनंती. मूल हरून घरी आलं, तर "किती चालींत हरलास?" असं विचारू नका, "कुठल्या चालीला अडलास?" असं विचारा. आणि मोठ्या मुलांनो, येत्या रविवारपासून आपल्या पार्किंगचा एक नियम ठरवू : जो जिंकेल, त्यानं हरलेल्याला त्या हल्ल्याचं उत्तर दाखवल्याशिवाय पटावरून उठायचं नाही. सोसायटीत राहतो आपण. शेजाऱ्याला शिकवून मगच त्याच्याशी लढण्यात खरी मजा!