बडी

मी निवृत्त फौजी, सध्या मुक्काम चेन्नई. विषय समलिंगी मुलामुलींचा आहे, म्हणून काहीजण व्हिडिओ बंद करतील. पाचच मिनिटं द्या.

पलटणीत प्रत्येक जवानाला एक 'बडी' असतो. खाणं, पहारा, दुखणंखुपणं सगळं जोडीनं. माणूस एकटा पडला की ढासळतो, हे फौजेला पक्कं ठाऊक आहे. (समलिंगी जवानांबाबत फौजेची भूमिका अजून कडक आहे, तो वेगळा विषय.)

शिकागोत अशा 248 तरुणांचा काही वर्षं अभ्यास झाला. सुरुवातीला त्यांची वयं 16 ते 20. निष्कर्ष 2018 मध्ये आले. समलिंगी मुलामुलींना प्रेमाचा जोडीदार होता त्या काळात मनाचा त्रास कमी होता. तीच मुलं एकटी असताना जास्त. उभयलिंगी मुलांत मात्र उलटं दिसलं, जोडीदार असताना त्रास वाढलेला. म्हणजे जोडी जमली की सगळं ठीक, असा सोपा हिशेब नाही.

घरचं काय? कॅलिफोर्नियात केटलिन रायन यांनी 2009 मध्ये दाखवलं, की ज्यांना घरच्यांनी फार झिडकारलं त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, फारसं न झिडकारलेल्यांच्या तुलनेत 8.4 पट होतं. आकडा पुन्हा ऐका, 8.4 पट.

आता अमेरिका सोडा, आमच्या तामिळनाडूत या. मदुरैच्या दोन तरुणी एकमेकींसोबत राहण्यासाठी घर सोडून चेन्नईला आल्या. पालकांनी मुली हरवल्याची तक्रार दिली, पोलीस चौकशीला आले. मुलींनी मद्रास हायकोर्टात धाव घेतली. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी मुलींना आणि पालकांना समुपदेशकाकडे पाठवलं. इथवर नेहमीचंच. पण मग हा विषय आपल्यालाच नीट कळलेला नाही, असं सांगून ते स्वतः मानसशास्त्रज्ञ विद्या दिनकरन यांच्यासमोर शिकायला बसले. अधिकारपदावरचा माणूस असं उघड बोलतो, हे मी नोकरीत फार क्वचित पाहिलं.

7 जून 2021 च्या आदेशात त्यांनी पोलिसांना बजावलं: दोघी सज्ञान आहेत आणि स्वेच्छेनं राहतात हे कळलं, की जबाब घेऊन तक्रार बंद करा, छळ करू नका. समलिंगी माणसाला 'बरं' करण्याच्या उपचारांवरही बंदी घातली. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं असे उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. तेव्हा कुणी मुलाला 'सुधारून देतो' म्हणाला, तर त्याला हे सांगा.

लग्नाचा हक्क सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये दिला नाही. पण 2025 मध्ये मद्रास हायकोर्ट म्हणालं, की कुटुंब फक्त लग्नानंच होतं असं नाही. त्या खटल्यात पंचवीस वर्षांच्या मुलीला घरच्यांनीच डांबलं होतं. कोर्टानं तिला मोकळं केलं.

आई-वडिलांना लगेच सगळं पटेल, असं मी म्हणत नाही. पण मुलगा सांगायला आला तर त्याचा मोबाइल काढून घेऊ नका, घाईनं स्थळं बघू नका. त्याला जेवायला वाढा. आणि तुम्हालाच झोप लागत नसेल तर 14416 लावा, टेलिमानस. फुकट आहे, मराठीतही बोलतात.