मुक्याची दाढदुखी

रविवारीं घरांत मटण शिजलें कीं नळीचें हाड बहुधा कुत्र्याच्या वाट्यास येतें. तो तें पंजांत धरून, मान वांकडी करून फोडूं लागला म्हणजे मुलांना मोठें कौतुक वाटतें. परंतु कित्येकदां त्या कडकड आवाजांत फुटते ती त्याची दाढच. कुत्रा क्षणभर थांबतो, ओठ चाटतो आणि पुन्हां हाडाकडे वळतो. घडलें काय, याचा घरांत कोणालाच पत्ता लागत नाहीं.

मोठ्या कुत्र्याला ४२ दांत असतात. त्यांपैकीं मोडण्याचा प्रसंग विशेषेंकरून सुळ्यांवर व वरच्या जबड्यांतील मोठ्या दाढांवर येतो. ही वरची दाढ खालच्या दाढेला घांसून कात्रीप्रमाणें मांस कापते. अतिशय कठीण वस्तु तिच्याखालीं आली कीं बाहेरच्या अंगाची ढलपी निघते. कुत्र्याच्या दांतावरील कवच माणसाच्या दांतावरील कवचाहून पातळ असतें. त्याची जाडी एक मिलिमीटरही भरत नाहीं.

दांत मोडलेला दिसतांच पहिला प्रश्न हा कीं, आंतला गाभा उघडा पडला आहे काय? या मऊ गाभ्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. मोडल्या जागीं लाल ठिपका दिसला किंवा रक्त आलें, तर गाभा उघडा आहे असें समजावें. पुढें तो ठिपका काळा पडतो. तें जखम बरी झाल्याचें नव्हे, गाभा मेल्याचें लक्षण होय. त्या वाटेनें जंतू मुळाशीं उतरतात व पू धरतो. वरच्या दाढेचा पू पुष्कळदां डोळ्याखालीं सुजेच्या रूपानें प्रकट होतो. मालक डोळ्यांत औषध घालीत राहतो, आणि रोग मात्र दाढेंत असतो.

‘कुत्रा नीट जेवतो, अर्थीं त्याला दुखत नसावें’ हा समज सर्वांत घातक आहे. भूक वेदनेपेक्षां बलवत्तर असते, आणि दुखणें लपविणें हा या प्राण्याचा स्वभावच आहे. एकाच बाजूनें चावणें, घांस तोंडांतून पडणें, लाळ गळणें, तोंडास हात लावूं न देणें, या खुणा ज्यानें पाहिल्या त्यालाच त्याची व्यथा कळते.

केवळ वरचा टवका उडाला असेल तर काम सोपें. मुळाचें क्ष-किरण चित्र घ्यावें, धार गुळगुळीत करून दांतास लेप द्यावा आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां तपासावें. गाभा उघडा असेल तर मार्ग मुख्यतः दोन. रूट कॅनाल केल्यानें दांत राहतो. परंतु त्याला अनुभवी हात व खास साधनें लागतात, खर्च अधिक येतो, आणि मागाहून पुन्हां चित्र काढून पाहावें लागतें. दुसरा मार्ग दांत काढण्याचा. वरच्या दाढेला तीन मुळें असल्यामुळें हिरडी उघडून, दाढेचे तुकडे करून ती काढावी लागते. पिल्लाचा दुधाचा दांत असा मोडला तर तो काढणेंच बरें, नाहीं तर खालच्या कायमच्या दांतास धोका पोंचतो. दीड वर्षाच्या आंतील कुत्र्याचा कायमचा दांत ४८ तासांच्या आंत उपचारास आला, तर त्याचा गाभा जिवंत राखण्याचाही प्रयत्न करतां येतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांचें मोल फार.

यांतील कोणतेंही काम पूर्ण भूल दिल्यावांचून नीट होत नाहीं. भुलेची भीति अनेकांस वाटते. पण आधीं रक्त व हृदय तपासून घेतल्यास धोका पुष्कळ कमी होतो. नुसत्या जंतुनाशक गोळ्यांनीं सूज उतरते, पण मूळ कारण राहतें आणि सूज परत येते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर घरच्या घरीं मुळींच देऊं नयेत. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांसारखीं औषधें कुत्र्याच्या जिवावर बेततात.

मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. तरी दांतांचें खास काम करणारे पशुवैद्य आजही थोडे, आणि तेही बहुधा मोठ्या शहरांत. लहान गांवच्या गृहस्थानें दाढ काढण्याचा मार्ग पत्करला तर त्यांत कमीपणा नाहीं. पोलिसांच्या कुत्र्याला सुळ्याची गरज असते. घरचा कुत्रा एका दाढेवांचून सुखानें जेवतो. दोन्ही मार्गांनीं वेदना संपते. ती संपत नाहीं फक्त तिसऱ्या मार्गानें, म्हणजे ‘पाहूं पुढें’ म्हणून स्वस्थ बसण्यानें.

चघळावयास देण्याच्या वस्तूवर आधीं अंगठ्याचें नख दाबून पाहावें. खूण उमटली नाहीं तर ती वस्तु दांतासाठीं फार कठीण समजावी. आणि महिन्यांतून एकदां तरी कुत्र्याचा ओठ वर करून दांत पाहावेत. ज्याला बोलतां येत नाहीं, त्याचें दुखणें शोधून काढणें हें त्याला पाळणाऱ्याचेंच काम आहे.