उशाशीं बसणारें माणूस

रुग्णालयांत खाटेवर एक माणूस निजलेलें असतें आणि पुष्कळदां खाटेखालीं दुसरें. पहिल्याचा ताप दिवसांतून चारदां मोजला जातो. दुसऱ्याला 'जेवलांत का?' एवढेंहि कोणी विचारीत नाहीं. आजार लांबला म्हणजे हें दुसरें माणूसहि हळूहळू खचूं लागतें, आणि तें पडलें कीं रोग्याचा मुख्य आधारच जातो.

नांदेड-लातूर रस्त्यावरील लोह्यासारख्या गांवाचें उदाहरण घ्यावें. तेथील कर्करोगाच्या रोग्यास नांदेडहून पुढें पाठविलें, तर तो देवगिरी किंवा नंदीग्राम गाडीनें रात्रभर प्रवास करून मुंबईस, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत येतो. सोबत बहुधा नवरा किंवा बायको. मुलें आजीपाशीं, शेत भावाकडे. पंधरा दिवसांच्या बेतानें बांधलेली वळकटी चार-चार महिने पुरवावी लागते. मार्गशीर्षांत तिकडे माळेगांवची खंडोबाची जत्रा भरून उठते. इकडे औषधाची पुढची पाळी कधीं, एवढीच तिथि ध्यानांत राहते.

हें रुग्णालयहि एका जोडप्याच्या दुःखाचें फळ आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वेल्समध्यें वारल्या. पति सर दोराबजी यांनीं १९३२ सालीं त्या रोगाच्या संशोधनासाठीं त्यांच्या नांवें निधि स्थापिला, आणि त्याच वर्षीं तेहि निवर्तले. पुढें त्यांच्या विश्वस्तांनीं उभारलेलें परळचें रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. अमाप संपत्ति असूनहि दोराबजींस पत्नी वांचवितां आली नाहीं. लोह्याच्या शेतकऱ्याजवळ ती संपत्ति नाहीं. हतबलता मात्र तीच.

तरीहि उशाशीं बसणाऱ्यास करण्याजोगें पुष्कळ असतें. त्यानें एक वही ठेवावी. औषधाचें नांव व वेळ, डॉक्टरांनीं सांगितलेलें आणि त्यांना विचारावयाचें, सारें तींत तारखेसह लिहावें. कर्करोगाच्या औषधांनीं रोग्याची प्रतिकारशक्ति उणावते. म्हणून ताप येतांच कळवावें, 'सकाळीं पाहूं' म्हणून थांबूं नये. खर्चासाठीं महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. ही योजना २०१२ सालीं, निराळ्या नांवानें, प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. निवाऱ्यासाठीं दादर येथें गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे.

मुख्य म्हणजे त्यानें वेळेवर जेवावें आणि झोपावें. आपल्यापायीं जोडीदार उपाशी राहतो, हें पाहण्याचें दुःख रोग्यास रोगाइतकेंच जाचतें. स्वतःस जपणें हा स्वार्थ नव्हे. तो शुश्रूषेचाच भाग होय.

येथेंच शहरांतील कुटुंबांचें कर्तव्य सुरू होतें. फळें न्यावीं, पांच मिनिटें कुशल विचारावें आणि परतावें, ही भेटीची रीत अपुरी आहे. त्याऐवजीं घरच्या एखाद्या धडधाकट माणसानें, 'आज रात्रीं मी बसतों. तुम्ही घरीं जा, आंघोळ करा, निजा,' असें म्हणावें. कोणीं डबा पोंचवावा, कोणीं कपडे धुऊन द्यावे, कोणीं तपासणीच्या कागदांसाठीं रांगेंत उभें राहावें.

रोग बरा करणें डॉक्टरांच्या हातीं, आणि तेंहि नेहमींच नव्हे. पण उशाशीं बसणाऱ्यास एका रात्रीची झोप देणें कोणाहि शेजाऱ्याच्या हातीं आहे.