तळ्याकाठचा नीवार



ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानतात. म्हणून अनेक घरांत त्या दिवशी न नांगरता, न पेरता उगवलेला तांदूळ शिजतो. कुठे त्याला देवभात म्हणतात, कुठे देवधान. संस्कृतात हाच नीवार. कालिदासाने ‘शाकुंतला’त कण्वाश्रमाची खूण म्हणून झाडांखाली सांडलेले नीवाराचे दाणे दाखविले आहेत. १९६५ साली शर्मा व शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी रानभाताच्या एका जातीला ‘ओरायझा निव्हारा’ असे नाव दिले, ते याच शब्दावरून.

आता या गवताचा पराक्रम ऐका. १९७०च्या दशकात आशियातील भातशेतीवर ‘ग्रासी स्टंट’ हा विषाणुरोग पसरला. तुडतुडे तो शेतोशेती नेत. रोप खुजे राही, लोंबी भरत नसे. नव्या संकरित वाणांपैकी एकही त्यापुढे टिकेना. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ६ हजारांहून अधिक नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती केवळ एकात, उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या नीवाराच्या नमुन्यात. आणि त्यातीलही मोजक्याच रोपांत! पंजाबात जन्मलेल्या डॉ. गुरुदेव खुश यांनी तो गुण १९७६च्या ‘आयआर ३६’ या वाणात आणला. पुढे हे वाण एक कोटी हेक्टरांवर पोहोचले. आपल्या डबक्यातील गवताचे मोल आपल्याला परदेशी प्रयोगशाळेतून कळावे, यात फुशारकी मारण्याजोगे काही नाही.

‘मोजक्याच रोपांत’ हे शब्द ध्यानात ठेवा. जात टिकली म्हणजे सारे टिकले, असे आपण समजतो. पण एकाच जातीची रोपे बाहेरून सारखी दिसली तरी आतून सारखी नसतात. तलावाचा एक कोपरा बुजविला तर जात नष्ट होत नाही. नेमका तो गुण मात्र नष्ट होऊ शकतो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला, तेव्हा शेतोशेती एकाच वाणाचे, कंदापासून वाढविलेले एकरूप पीक होते. सुमारे दहा लाख माणसे दगावली.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत बियाणे उणे १८ अंशांवर जपले जाते. ते हवेच. परंतु शीतगृहातील दाणा जसा ठेवला तसाच राहतो. तळ्यातला नीवार दरवर्षी नव्या रोगाशी, नव्या दुष्काळाशी झुंजत बदलत असतो. शेजारच्या शेतातील परागाने त्याचा संकर होतो, शेतकरी तण म्हणून उपटतो, आणि काठावर सिमेंट चढले की तो जातोच.

पूर्व विदर्भातील मामा तलावांच्या, कोकणातील पाणथळींच्या गावांतून आलेले कार्यकर्ते येथे आहेत. नीवाराचा दाणा पिकताच गळतो, म्हणून लोंब्या सगळ्या कापू नका. निम्म्या तरी पाण्यात झडू द्या. दुसऱ्या तळ्यात लावायचा असेल तर एकाच भरघोस ठोंबाचे बी नेऊ नका. उथळ पाण्यातले, खोल पाण्यातले, लवकर पिकणारे, उशिरा पिकणारे आणि किरकोळ दिसणारे सुद्धा, अशा पन्नासेक ठोंबांचे थोडे थोडे बी घ्या, आणि ते कोणत्या तळ्याचे हे पुरचुंडीवर लिहून ठेवा.