गांजाच्या वेष्टनावरील इशारा

कॅनडा देशानें ता. १७ ऑक्टोबर २०१८ रोजीं गांजाची विक्री कायदेशीर केली, तेव्हां त्याच्या वेष्टनालाही कायद्याने बांधून टाकलें. टी.एच.सी. म्हणजे गांजांतील नशा आणणारें द्रव्य. तें ज्यांत आहे त्या पुडक्यावर तांबड्या अष्टकोनांत गांजाचें पान व हीं अक्षरें असतात. शिवाय पिवळ्या जमिनीवर, इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांत, धोक्याची सूचना असते. गर्भवतीनें सेवन करूं नये, सेवनानंतर वाहन चालवूं नये, नित्य सेवनानें व्यसन जडतें, अशा सूचना आळीपाळीनें छापाव्या लागतात. कारण तेंच वाक्य रोज दिसूं लागलें म्हणजे डोळे तें वाचीनासे होतात.

यांतील सर्वांत उपयोगाची सूचना मात्र भीति घालणारी नाहीं, वेळ सांगणारी आहे. धुराचा अंमल कांहीं मिनिटांतच चढतो. खाल्लेला गांजा पोटांतून यकृतांत जातो, तेथें त्याचें अधिक तीव्र द्रव्य बनतें, आणि अंमल जाणवण्यास अर्धा ते दोन तास लागतात. पूर्ण भर येण्यास चार तासही लागतात व तो बारा तासांपर्यंत टिकूं शकतो. महाशिवरात्रीस भांग घेणाऱ्यांना हा उशीर चांगला परिचित आहे. ‘चढली नाहीं’ म्हणून दुसरा पेला घेतला जातो, आणि मग दोन्ही पेले एकदम चढतात! या घाईला आळा बसावा म्हणून २०१९ मध्यें खाद्यपदार्थांस मुभा देतांना एका पुडक्यांत १० मिलिग्रॅमहून अधिक टी.एच.सी. नसावें, असें बंधन घालण्यांत आलें.

परंतु इशारा वाचणाऱ्यासाठीं असतो. चॉकलेटची वडी वेष्टनांतून निघून वाटींत पडली कीं तांबडा अष्टकोन मागें राहतो, आणि तीन वर्षांच्या मुलाला ती केवळ खाऊ दिसते. क्वेबेक प्रांतानें मिठाई व चॉकलेट यांची विक्री होऊंच दिली नाहीं. २०१८ नंतर गांजाच्या विषबाधेनें रुग्णालयांत दाखल होणाऱ्या लहान मुलांचें प्रमाण तेथें आणि आंटेरिओ, आल्बर्टा व ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांत जवळजवळ सारखेंच वाढलें होतें. खाद्यपदार्थ बाजारांत आल्यावर त्या तीन प्रांतांत तें आणखी दुपटीहून अधिक झालें. क्वेबेकांत तशी वाढ झाली नाहीं. इशारे मात्र सर्वत्र तेच होते.

अशा घरांतील मूल अवचित सुस्त झालें, त्याचा तोल जाऊं लागला, तर आईबापांनीं लाजेस्तव गोष्ट लपवूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें व रिकामें वेष्टन बरोबर न्यावें. त्यावरील मिलिग्रॅमचा आंकडा डॉक्टरांच्या उपयोगी पडतो.